छपराखालचे पूल

आयोवातल्या मॅडिसन काउंटीत बाहेरून येणारा माणूस बहुधा इथल्या पुलांभोवती फिरणाऱ्या एका प्रेमकथेच्या ओढीने येतो. रॉबर्ट जेम्स वॉलरची कादंबरी १९९२ची, तिच्यावरचा क्लिंट ईस्टवुडचा सिनेमा १९९५चा. संपादकांनी मलाही त्याच निमित्ताने पिटाळलं होतं. विंटरसेट हे काउंटीचं मुख्य गाव. मधल्या चौकात चुनखडी दगडाचं घुमटदार कोर्टहाउस. आधीचं जळाल्यावर हे बांधलं. जॉन वेन १९०७ साली याच गावात जन्मला. एवढं वाचून झालं, की पाय आपोआप पुलांकडे वळतात.

रोझमन पूल १८८३चा, बेंटन जोन्सने बांधलेला. बाहेरून लाल रंगाची लांबट कोठीच वाटते. आत शिरलं की डोळे सरावायला वेळ लागतो, आणि मग दोन्ही बाजूंची जाळी दिसते. फळ्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या, जोडांवर लाकडी खुंट्या ठोकलेल्या. ही रचना इथिएल टाउन नावाच्या वास्तुरचनाकाराची; १८२०मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं. तिला अजस्र तुळया लागत नाहीत, साध्या फळ्या चालतात. वरून गाडी गेली की भार एका जागी न साचता कितीतरी जोडांत वाटला जातो. एखादी फळी हलली, तरी शेजारच्या तिचं ओझं उचलतात. मी खुंट्या मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं.

मग वर छप्पर कशाला? प्रेमिकांना आडोसा, हे उत्तर पर्यटकांसाठी. खरं उत्तर काउंटीच्या हिशेबात आहे. पुलाच्या तळातली जाड लाकडं महाग, छपराच्या आणि भिंतींच्या फळ्या स्वस्त. ऊन-पाऊस-बर्फ स्वस्त लाकडाने सोसायचा, ते कुजलं की बदलायचं; महागाचं आत कोरडं राहायचं. जोन्सची छपरं जवळपास सपाट आहेत. त्यातही सौंदर्याचा सोस नाही. आज ज्याला रोमँटिक म्हणतात, ती मुळात शेतकऱ्यांच्या पैशाची काटकसर होती.

ती फळाला आली, पण पुरती नाही. असे एकोणीस पूल होते, आता सहा आहेत. पाण्याचा बंदोबस्त छपराने केला. आगीचा कोण करणार? कोरडं ठेवलेलं जुनं लाकूड पेटायलाही तितकंच तयार. मॅकब्राइड पूल १९८३मध्ये जळाला आणि कायमचा गेला. कादंबरीच्या मुखपृष्ठावरचा सीडर पूल २००२मध्ये कुणीतरी पेटवला. २००४मध्ये तो पुन्हा उभा राहिला, २०१७मध्ये पुन्हा पेटवला गेला. दोन्ही वेळा लाकडाचा किंवा बांधणाऱ्याचा दोष नव्हता.

उरलेल्या पुलांच्या आतल्या फळ्यांवर नावं आणि बदाम कोरलेले आहेत. चाकू आणि काडेपेटी यांच्यात फरक आहे, हे मान्य. तरी दोन्ही खिशातूनच निघतात.

सीडर पूल २०१९पासून तिसऱ्यांदा उभा आहे. रूप १८८३च्या मूळ पुलाचंच; लाकूड मात्र सगळं नवं.