आंबिल ओढा : माथ्यापासून काठापर्यंत

उगम आणि वाट : कात्रजच्या डोंगरात उगम. कात्रज तलाव, पद्मावती, सहकारनगर, दांडेकर पूल या वाटेने मुठा नदीत. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी याच ओढ्यावर कात्रजला तलाव बांधून पुण्याला पाणी आणले.

इशारा : 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला. ओढा काठावरच्या वस्त्या-सोसायट्यांत शिरला. माणसे, जनावरे, वाहने वाहून गेली.

पूर का वाढतो : डोंगरउतार फोडले, माती काँक्रीटखाली गेली की पाणी मुरत नाही, एकदम ओढ्यात उतरते. पात्र अरुंद असेल, मोऱ्या तुंबल्या असतील, तर ते बाहेर पडणारच.

पूर रोखण्याच्या आराखड्याचा क्रम : ‘माथा ते पायथा’. आधी डोंगरावर समतल चर आणि झाडे, मग तलावांतला गाळ काढणे, त्यानंतर काठ.

काठ कसा सावरावा
- शक्य तिथे उभ्या काठाला सौम्य उतार द्यावा.
- पायथ्याशी जाळीबंद दगड. वर वाळा, त्यामागे करंज, उंबर, वाळुंज. वाळ्याची मुळे तीन मीटरपर्यंत खोल जाऊन माती धरतात.
- दोन्ही बाजूंना सरळ भिंती बांधल्या की पाण्याचा वेग वाढतो आणि खालचा काठ ढासळतो. म्हणून भिंत फक्त जिथे जागाच उरली नाही तिथे.

पूररेषा : निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ओढ्यांनाही नदीइतक्याच काटेकोर रेषा हव्यात. पाण्याची जागा पाण्यासाठी राखणे, हाच सर्वांत स्वस्त बंदोबस्त.