ध्रुवप्रकाश टिपताना

नॉर्वेतील ट्रॉम्सो हे नगर आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस वसले आहे. मुलाच्या आग्रहास्तव आम्ही उभयता हिवाळ्यात तेथे गेलो. दिव्यांपासून दूर, बर्फात ट्रायपॉड उभा केला. आकाशात केवळ करडा पट्टा दिसत होता. सौ. म्हणाल्या, "अहो, हा तर ढग!" कॅमेऱ्याचे शटर दहा सेकंद उघडे ठेवले आणि तोच पट्टा हिरवा उमटला. मंद उजेडात डोळ्यांना रंग कळत नाही. कॅमेरा मात्र प्रकाश साठवीत जातो. सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर विद्युतभारित कण प्राणवायूवर आदळतात, त्यातून हा हिरवा रंग निर्माण होतो.

माझी पहिली छायाचित्रे धूसर आली. अंधारात कॅमेऱ्याला आपोआप फोकस साधत नाही. तो ठळक ताऱ्यावर हाताने साधावा लागतो. आयुष्यभर लोकांचे ताळेबंद तपासणाऱ्याने माहितीपुस्तिका मात्र वाचली नव्हती! एक चित्र स्वच्छ आले आणि थंडीने बॅटरी संपली. दुसरी उबदार खिशात ठेवायची, ती हॉटेलातच राहिली. नेमके तेव्हाच आकाश उजळले. हिरवा पडदा नुसत्या डोळ्यांनी दिसू लागला.

ते एकमेव चित्र आता मुलाच्या पेढीवर लावले आहे. ग्राहकांनी कौतुक केले की सौ. सांगतात, "हा नव्हे, खरा नंतर आला होता."