गळत नाही, म्हणून निर्दोष?

'फिल्टरच्या नळीच्या सांध्यातून पाण्याचा थेंबही गळत नाही, मग हवा तेथून आत शिरेलच कशी?' हा सवाल बंगळूरच्या बसवनगुडीतील मत्स्यपेटी बाळगणाऱ्या मराठी घरांतून इतक्या अधिकारवाणीने केला जातो, आणि त्याच्या भरवशावर, पाण्यासोबत बुडबुडे येतात म्हणून, धडधाकट पंप इतक्या उदारपणे बाद केले जातात, की प्रस्तुत लेखकाचा संयम आता संपुष्टात आला आहे.

फटीतून पाणी गळावयाचे की हवा शिरावयाची, याचा निवाडा फटीच्या आकारावर होत नसून दाबावर होतो. नळीतील दाब बाहेरच्या हवेहून अधिक असेल तर पाणी बाहेर येते. कमी असेल तर तीच फट पाणी न सांडता हवा आत घेते. शोषणाने पाणी चढते ते बाहेरील हवेच्या भाराने ढकलले जाऊन, हे टॉरिचेल्लीने 1644 साली लिहून ठेवले. एवढ्या अवधीत ते आपल्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचावयास हरकत नव्हती! पेटीखालच्या कपाटातील कॅनिस्टर फिल्टरकडे जाणारी नळी काचेच्या काठावरून वळसा घेऊन खाली उतरते. हा वळसा पाण्याच्या पृष्ठभागाहून 10 सेंटीमीटर उंच असेल, तर पंप बंद असतानाही तेथील दाब बाहेरच्या हवेपेक्षा 10 सेंटीमीटर जलस्तंभाइतका उणा असतो. आणि पंप चालू होऊन त्यात शोषणमुखाची जाळी शेवाळाने बुजलेली असली, म्हणजे ही तूट अधिकच वाढते. तेव्हा तेथील सांध्याचा कोरडेपणा हा निर्दोषत्वाचा दाखला मुळीच नव्हे. सदोष असला तरी तो कोरडाच राहणार.

तपासाची रीत अगदी साधी आहे. पंप चालू ठेवून, विजेच्या जोडण्यांना पाणी लागणार नाही अशा बेताने, संशयित सांध्याभोवती स्वच्छ, चिंब फडके गुंडाळावे; हवेऐवजी पाणी ओढले जाऊन बुडबुडे थांबले, की गुन्हेगार हाती लागला. साबणाचा फेस मात्र चोळू नये, कारण फटीतून तोही आत जाईल आणि शिक्षा माशांना होईल. नंतर पंप बंद करून नळीचे कडक झालेले टोक कापावे, झिजलेली रबरी रिंग बदलावी, आणि नव्या रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा.

कोणी बुडबुड्यांचा दोष बंगळूरच्या उंचीला देतात. शहर समुद्रसपाटीहून सुमारे 920 मीटर उंच असून येथील वायुभार जवळजवळ एक दशांशाने कमी आहे, हे खरे. परंतु तो पेटीतील पाण्यावर आणि सांध्याबाहेर सारखाच कमी असल्याने फटीवरील तफावत जशीच्या तशी राहते. फिल्टर धुतल्यानंतरचे बुडबुडे मात्र बहुधा स्पंजात अडकलेल्या हवेचे असतात. चालू फिल्टर हलकेच कलता केल्यास ते निघून जातात. बुडबुडे सोडणारा एअर स्टोन शोषणमुखाशेजारी ठेवून पंपाविरुद्ध तक्रार करणाऱ्यांविषयी काय बोलावे? बुडबुडे जितके जास्त तितका प्राणवायू जास्त, ही समजूतही अर्धवटच, कारण वायूची देवघेव मुख्यतः ढवळलेल्या पृष्ठभागावर होते.

शेवटी एक विनंती. प्रवाह मंद करावयाचा झाल्यास पाणी पेटीत परत सोडणाऱ्या बाजूचाच व्हॉल्व्ह आवळावा. शोषणाकडचा आवळाल, तर दाबाची तूट वाढवून हवेला आपणच आत बोलवाल.