चुकीची किंमत : संगणकीय खेळांच्या प्रकारांविषयी एक टिपण

१९९३ साली मी एका छापखान्यात डीटीपीचे काम शिकत होतो. एका लग्नपत्रिकेत माझ्या हातून तारीख चुकली आणि पाचशे पत्रिका छापून झाल्यावर ती लक्षात आली. कागदाचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले. पडद्यावरची चूक एक कळ दाबून मागे घेता येत असे. कागदावर तशी सोय नव्हती. त्याच संगणकावर दुपारी, मालक जेवायला घरी गेले की, मी ‘रोग’ नावाचा खेळ खेळत असे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे उमगायला पुढे बरीच वर्षे गेली.

मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. फावल्या वेळात खेळ खेळतो, त्यांची टिपणे ठेवतो आणि अधूनमधून एखादा लहानसा खेळ स्वतः लिहितो. त्या टिपणांतून हाती आलेला एक विचार येथे मांडतो आहे.

रहस्यकथा, ऐतिहासिक कादंबरी, विनोदी लेख ही नावे आपण आशयावरून किंवा सुरावरून देतो. खेळांचे तसे नसते. पानिपतावर गोळीबाराचा खेळ करता येईल, सैन्य हलवण्याचा करता येईल, पत्त्यांचाही करता येईल. विषय एकच, प्रकार तीन. कारण खेळणाऱ्याने करायची कृती निराळी. मला वाटते, कृतीच्याही मागे दोन प्रश्न असतात. चूक झाली तर काय गमवावे लागते? आणि चूक होण्याआधी विचाराला किती वेळ मिळतो?

सापशिडीला हे प्रश्न लागूच होत नाहीत. तिथे सगळे फासा ठरवतो. साप गिळतो, पण त्यात आपली चूक नसते.

१९७८ साली जपानच्या तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तयार केला. नाणे टाकायचे आणि वरून उतरणाऱ्या परग्रहवासीयांवर गोळ्या झाडायच्या. विचाराला वेळ जवळजवळ नाही आणि चुकीची किंमत रोखीत : जीव संपले की पुढचे नाणे. यंत्राची कमाईच खेळाडूच्या चुकांवर असल्यामुळे खेळ लवकर संपणे हा त्या धंद्याचा भाग होता. पुढे घरगुती खेळ आले, तेव्हा पैसे आधीच वसूल झालेले असत. मग खेळ लांबवणे परवडू लागले आणि तो जपून ठेवण्याची सोय हवीशी झाली. १९८७ साली अमेरिकेत आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’च्या कार्ट्रिजमध्ये त्यासाठी एक छोटी बॅटरीच बसवलेली होती.

‘रोग’ या दोहोंपेक्षा वेगळा. आजाराशी या नावाचा संबंध नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ लबाड, बदमाश. १९८०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतले मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी तो रचला. पुढे बर्कलीत केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाले. चित्रे नाहीत. ई-मेलच्या पत्त्यात येणारे ‘ॲट’चे चिन्ह म्हणजे आपण, इंग्रजी मोठी अक्षरे म्हणजे राक्षस. भुयाराच्या २६व्या मजल्यापर्यंत उतरायचे, ‘येंडरचा ताईत’ घ्यायचा आणि परत वर यायचे.

भुयार प्रत्येक खेपेला नव्याने रचले जाते. मागच्या डावात ज्या रंगाच्या पाण्याने जखम भरली, तेच या डावात विष असू शकते. म्हणजे पाठांतर उपयोगाचे नाही. मेलात तर पहिल्यापासून सुरुवात. खेळ जपून ठेवता येतो, पण तो पुन्हा उघडताच जपलेली प्रत पुसली जाते. चूक मागे घेण्यासाठी ती वापरता येऊ नये म्हणून. मात्र आपण कळ दाबेपर्यंत राक्षस जागचा हलत नाही. हवा तेवढा वेळ विचार करा. किंमत सर्वांत जड आणि वेळ सर्वांत मोकळा, असा हा व्यवहार आहे.

या घराण्याला पुढे ‘रोगलाइक’ असे मूळपुरुषाचेच नाव पडले. २००८ साली बर्लिनमध्ये असे खेळ लिहिणाऱ्यांच्या परिषदेत त्याची लक्षणे ठरवली गेली. दर खेपेला नवे भुयार, कायमचे मरण आणि पाळीपाळीने चाल ही त्यांतली प्रमुख. त्याच वर्षी डेरेक यू यांचा ‘स्पेलंकी’ आला. त्याने मरणाची किंमत तशीच ठेवली, पण वेळ काढून घेतला. गुहेत फार रेंगाळलात तर भूत मागे लागते. जोनाथन ब्लो यांचा ‘ब्रेड’ही त्याच वर्षीचा. त्यात मेल्यावरही काळ मागे नेता येतो. चूक फुकट; म्हणून सगळी कठीणता कोडे उलगडण्यात. एकाच वर्षी तीन ठिकाणी याच दोन प्रश्नांची तीन उत्तरे दिली गेली.

कोणते उत्तर बरे, हे मला पुस्तकातून कळले नाही. दिवाळीतल्या किल्ल्याखाली भुयार असावे, अशा कल्पनेवर मी एक खेळ लिहीत होतो. आठवीतल्या भाचीला तो खेळायला दिला. दीड तासाने ती एका खड्ड्यात पडून मेली आणि रुसून उठली. “मामा, तिथं खड्डा आहे हे मला कसं कळणार होतं?” मी वरमून खेळ जपण्याची सोय दिली. मग ती दर दाराआधी खेळ जपू लागली आणि बेधडक दारे उघडू लागली. दोन दिवसांत कंटाळली. “आता काही होतच नाही,” म्हणाली.

तिच्या दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. पहिल्या वेळी माझे भुयार सापशिडीसारखे होते : न केलेल्या चुकीची शिक्षा. दुसऱ्या वेळी चुकीला काही अर्थच उरला नव्हता. मी जपण्याची सोय काढली आणि एक ओळ घातली : खड्डा जवळ आला की मशालीची ज्योत थरथरते, असे पडद्यावर दिसते. त्यानंतरही ती मेली, अनेकदा मेली. पण एकदा पडल्यावर तिने वरची ओळ पुन्हा वाचली, “माझंच चुकलं” म्हणाली आणि मला न विचारता नवा डाव मांडला.

किंमत किती, यापेक्षा ती आकारण्याआधी खूण दिली होती का, हे मी आता आधी पाहतो. त्या लग्नपत्रिकेचे प्रूफ छपाईआधी दोन तास माझ्या टेबलावर होते. मी ते न वाचता पुढे पाठवले होते. त्या कापलेल्या पगाराबद्दल माझी तक्रार नाही.