कूलर थांबला की जाग का येते?

वैशाखातल्या रात्री वऱ्हाडातील घराघरांत एकच आवाज भरून राहिलेला असतो, तो कूलरचा. मध्यरात्री वीज जाते, पंखा थांबतो आणि उकाडा जाणवण्याच्या आधीच आपले डोळे उघडतात. शांततेने झोप मोडावी हे चमत्कारिक वाटते खरे; परंतु झोपेतही कान मिटत नाहीत. मेंदू एकसारख्या आवाजाकडे दुर्लक्ष करतो आणि बदल तेवढा टिपतो. शिवाय त्या संथ घरघरीखाली कुत्र्याचे भुंकणे आणि ट्रकचा हॉर्न बुडून गेलेले असतात. ती थांबली की ते सारे उघडे पडते.

पाऊस, नदी, तंबोरा किंवा अतिमंद सुरावट तासन्‌तास ऐकवणाऱ्या यूट्यूब वाहिन्या याच गुणावर उभ्या आहेत. त्यांत निवेदक नसतो, चेहरा नसतो. बार्शीटाकळीसारख्या गावात कॅमेऱ्यासमोर येण्याचा संकोच असलेल्या, किंवा घरच्यांना ते रुचणार नाही हे जाणून असलेल्या गृहिणीला वा विद्यार्थ्याला ही वाट मोकळी आहे. मात्र आपण जे तयार करणार आहात ते एखाद्या झोपलेल्या माणसाच्या उशाशी रात्रभर चालणार आहे, हे पहिल्या दिवसापासून ध्यानी असू द्यावे.

या प्रकाराला ‘अँबियंट’ हे नाव रूढ केले ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने. १९७५ साली अपघातानंतर तो अंथरुणाला खिळून होता. शेजारी हार्प या तंतुवाद्याची तबकडी इतक्या हळू आवाजात लागलेली होती, की ती बाहेरच्या पावसात मिसळून गेली. आणि उठून आवाज वाढवण्याची शक्ती त्याच्यात नव्हती. त्या अनुभवातून पुढे १९७८ मध्ये त्याचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’ हा संग्रह आला. आपल्याला हे फारसे परके वाटू नये. मिरजेचा तंबोरा तरी दुसरे काय करतो? तो लक्ष मागत नाही, नुसती जागा भरून ठेवतो.

वैद्यकीय पुरावा काय सांगतो? निद्रानाश असलेल्या प्रौढांवरील १३ अभ्यासांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०२२ मध्ये घेतला. संगीत ऐकल्याने झोपेचा दर्जा सुधारल्याचे लोकांना जाणवते, असा त्याचा कल आहे. नुसत्या एकसुरी खळखळाटाबाबत, म्हणजे ‘व्हाइट नॉइज’बाबत, २०२१ च्या आढाव्यात पुरावा फारच कच्चा आढळला. तेव्हा ‘४३२ हर्ट्‌झ, सर्व व्याधींवर उपाय’ असली शीर्षके आपल्या वाहिनीवर नकोत. ‘रात्रीचा पाऊस, तीन तास’ एवढे लिहिणे पुरे आणि प्रामाणिक.

आता आवाज कुठून आणायचा? इंटरनेटवरून उचललेला पाऊस हजारो वाहिन्यांवर वाजतो आहे. तो एकाच्या मालकीचा असल्यास स्वामित्वहक्काचा दावाही येतो. तंबोऱ्याच्या ॲपमधला आवाजसुद्धा कुणीतरी ध्वनिमुद्रित केलेलाच असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. याउलट आपल्या टिनाच्या छतावरचा पाऊस फक्त आपला आहे. तालुक्यातच महान येथे काटेपूर्णेचे धरण आहे, ज्याचे पाणी अकोला शहर पिते. त्याला लागून चौसिंग्यांसाठी प्रसिद्ध असलेले काटेपूर्णा अभयारण्य आहे. अभयारण्यात जायचे तर वनविभागाचे नियम पाळून. पण पाण्याच्या काठावरची पहाट किंवा शेताच्या धुऱ्यावरचे रातकिडे टिपायला साधा फोन पुरतो. फोन हातात धरू नये, घडी केलेल्या कापडावर ठेवून दूर व्हावे. ‘फ्लाइट मोड’ लावावा. वारा माइकवर आदळून फडफड होते, म्हणून भिंतीचा आडोसा घ्यावा. चाळीस मिनिटे तरी सलग घ्यावीत, कारण पाच मिनिटांचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडला तर एकच टिटवी ठरावीक वेळाने ओरडते आणि ऐकणारा नेमका तिचीच वाट पाहू लागतो! जोड हवाच असेल तर ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रणालीत दोन टोके दहा-बारा सेकंद एकमेकांत विरघळवावीत.

अकोला-पूर्णा मार्गावरच्या गाडीची शिटी बार्शीटाकळीच्या रात्रीत हमखास येते. पुण्यात नोकरीला असलेल्या आपल्या मुलाला ती ऐकून गाव आठवेल. पण झोपेच्या ध्वनिफितीत ती नको. अचानक चढणारा कोणताही आवाज कापावा आणि शिटीसाठी हवी तर वेगळी, जागेपणी ऐकायची चित्रफीत करावी.

चित्र म्हणून एकच स्थिर दृश्य किंवा सरळ काळा पडदा चालतो. अंधाऱ्या खोलीत तोच बरा. चेहरा नाही म्हणजे ओळख लपली, असे मात्र समजू नये. खिडकीतून दिसणारी पाटी, मागून आलेली ‘आई गं’ ही लेकराची हाक, छायाचित्रात नोंदलेले ठिकाण, यांतून घर सापडते. प्रेक्षकांना नाव कळले नाही तरी पैसे सुरू झाल्यावर गूगलला व बँकेला खरे नाव-पत्ता द्यावाच लागतो.

पैशांचे म्हणाल, तर जाहिरातींतील वाट्यासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे सार्वजनिक दर्शन लागते. यंत्राने घाऊक निर्माण केलेल्या, एकसारख्या चित्रफितींना यूट्यूब हा वाटा नाकारू शकते. स्वतः टिपलेला आवाज इथेही उपयोगी पडतो. वाटा मिळू लागला की खरी कसोटी येते. आठ मिनिटांहून लांब चित्रफितीत मधेमधे जाहिराती घालता येतात आणि त्यांतून मिळकत वाढते. पण रात्री दोन वाजता पावसाच्या मधोमध साबणाची जाहिरात किंचाळली तर? मधल्या जाहिराती बंद ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे, मिळकत घटली तरी.

तान्ह्या बाळांविषयी वर्णनात एक ओळ अवश्य लिहावी. बाळांना झोपवणाऱ्या १४ ध्वनियंत्रांची तपासणी २०१४ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पूर्ण आवाजात, एका फुटावर, ती सर्वच ५० डेसिबलच्या पुढे गेली आणि तीन तर ८५ च्याही पुढे. म्हणून फोन पाळण्यापासून दूर, आवाज अगदी मंद, आणि बाळ झोपले की बंद. आपल्याही कानांची काळजी घ्यावी. संपादन करताना हेडफोन तासन्‌तास लागतो; जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास एवढीच आहे.

प्रसिद्ध करण्यापूर्वी फीत तीन रात्री घरातच लावून पाहा. सकाळी आजींनी “रात्री ते काय वाजत होतं गं?” असे विचारले, तर त्यात काहीतरी टोचणारे राहिले आहे, पुन्हा ऐकून ते शोधावे. आणि मृगाच्या तोंडावर फोनमध्ये जागा रिकामी करून ठेवा. टिनावरची पहिली सर फार तर अर्धा तास टिकते.