पांढरी, बारकी, सकाळची

"पिशवी उलटी करा आजी. सगळी."

पिशवीतून आधी मिसरीची डबी निघते, मग रेशनकार्डाची झेरॉक्स, एसटीचं विटलेलं तिकीट आणि शेवटी रबर लावलेला गोळ्यांच्या पाकिटांचा गठ्ठा. आजी तो टेबलावर ठेवतात आणि पदर सावरून बसतात. "हाय ते सगळं आणलंय बघ पोरी. काय मागं ठिवलं न्हाय."

पाटण तालुक्यातलं हे एक उपकेंद्र. बाहेर कोयना खोऱ्याचा पाऊस सकाळपासून थांबलेला नाही. पडवीत ओल्या छत्र्यांची रांग आणि तिच्यापेक्षा लांब म्हाताऱ्यांची. आज बीपी-शुगरचा दिवस. एरवी लोक नुसतं कार्ड घेऊन येतात, महिन्याच्या गोळ्या घेतात आणि जातात. या खेपेला आशाताईंनी घरोघरी सांगितलंय, की घरात असतील तेवढी औषधं आणा, डॉक्टर कुठलाही असो. इथल्या समुदाय आरोग्य अधिकारी, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणतात, पंचविशीतल्या आहेत. त्यांच्या परवानगीनं मी कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलोय.

मॅडम रबर काढतात. "ही कुठली?"

"ही तुझीच की. हितली. पांढरी, बारकी, सकाळची."

"आणि ही?"

"ही कराडच्या दवाखान्यातली. दिवाळीत चक्कर आली तवा लेकानं न्हेलं हुतं. ही दुपारची."

"ही?"

"ही त्यानंच मुंबैस्नं धाडली. म्हनला, सरकारी गोळीत दम नसतो, ही घे. ही रातची."

मॅडम मोबाईलचा टॉर्च लावून पाकिटांची पाठ वाचतात. तिरकं धरल्याशिवाय चांदीवरची ती अक्षरं मलाही दिसत नाहीत. पहिल्यावर अॅम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅम. दुसऱ्यावर ठळक अक्षरांत कंपनीचं नाव, खाली बारीक अक्षरांत टेल्मिसार्टन चाळीस आणि त्याच्याही खाली अॅम्लोडिपिन पाच. तिसरं पाकीट दुकानदारानं कात्रीनं कापून दिलेलं, त्यावर नावाचं शेपूट तेवढं उरलंय. बाकीचा भाग, म्हणजे नाव आणि बहुधा मुदतीची तारीखही, दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेला असणार. ही कात्री मला नेहमी खटकते. सुटे पैसे नसले की आपण सगळेच अर्धं पाकीट मागतो आणि दुकानदार ते हसत कापून देतो.

मॅडम वहीत एकाखाली एक आकडे मांडतात. पाच, पाच आणि तिसऱ्या गोळीपुढे प्रश्नचिन्ह. मग आजींना पाय पुढे घ्यायला सांगतात. घोट्याच्या वर अंगठ्यानं दाबून धरतात आणि काढतात. खळगा तसाच राहतो.

"ही सूज कधीपासून?"

"शिमग्यापासनं. म्हनून तर बाजाराच्या गावातल्या डॉक्टरला दावलं. त्यानं ही दिली, लघवीची." चौथं पाकीट पुढे येतं. फ्रुसेमाईड. "सूज काय उतरंना. आन् सारखं उठाय लागतंय. रातीला अंगणात जायचं, पाऊस, अंधार. म्हनून मी पानीच कमी केलंय."

आता मॅडमचा चेहरा बदलतो. अॅम्लोडिपिननं काही जणांच्या पायांना सूज येते, डोस जास्त असला की अधिकच येते. ही सूज रक्तवाहिन्या सैलावल्यामुळे घोट्याशी पाणी झिरपून येते, लघवीच्या गोळीनं ती फारशी हटत नाही. म्हणजे एका गोळीचा उपद्रव नवा आजार समजून त्यावर दुसरी गोळी दिली गेली, दुसरीच्या त्रासावर आजींनी स्वतःच पाणी तोडण्याचा उपाय काढला. यातला प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणानं वागलाय. कराडच्या डॉक्टरांना सरकारी पाकीट दिसलं नव्हतं, बाजारच्या डॉक्टरांना कराडचं दिसलं नव्हतं, आणि मुलाला आईची काळजी होती.

पट्टा दंडाला बांधून मॅडम आजींना पाच मिनिटं गप्प बसायला लावतात. हे मात्र आजींना जड जातं. आकडा येतो ११२, खाली ६६. मॅडम खूश होत नाहीत. त्या आजींना हात धरून उभं करतात, थोडं थांबतात आणि पुन्हा बटण दाबतात. ८८, खाली ५४. आजी टेबलाची कड पकडतात.

"असंच व्हतंय बघ. उठलं की डोळ्यापुढं अंधारी. बीपी वाढल्यावर असंच व्हतंय न्हवं?"

"वाढलं नाही आजी, पडलंय. गोळ्या विसरत नाही ना कधी?"

"मी?" आजी दुखावतात. "एक डाव न्हाय चुकली."

चुकल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटून जातं.

गठ्ठ्याच्या तळाशी अजून एक पाकीट आहे, पिवळ्या गोळ्यांचं. ते आजींनी सांगितलंच नव्हतं, कारण ते त्या औषधात धरत नाहीत. "ती व्हय? ती गुडघ्याची. लावणीच्या दिवसांत घेती." डायक्लोफेनॅक, दुकानातून मागून आणलेली. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि ही दुखण्याची, अशा तिघी एकत्र आल्या आणि वर पाणी कमी पडलं की मूत्रपिंडांना धोका असतो. मॅडम रक्ततपासणीच्या कागदावर क्रिएटिनिन लिहितात आणि आजींना बाजूच्या बाकावर बसवून ठेवतात. जाऊ देत नाहीत.

पुढचे अण्णा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत. कपाळी बुक्का, गळ्यात माळ. आकडा १६८, खाली ९४. कार्डावर मागच्या महिन्यातही असाच आकडा आहे, आणि तो बघून लोसार्टनच्या जोडीला आणखी एक गोळी वाढवलेली आहे.

"अण्णा, आज गोळी घेतली?"

"आज कशी घेणार? आज तपासणी."

"म्हणजे?"

"तुम्हीच सांगितलंवतं की, उपाशीपोटी या, काही घेऊ नका."

ते शुगरच्या रक्ताबद्दल होतं, वर्षापूर्वी. अण्णांनी तो नियम तेव्हापासून प्रत्येक तपासणीला लावलाय. "आणि गोळी खाऊन आलं तर खरं बीपी कसं कळायचं? गाडी तपासायची तर रिकामीच तपासत्यात की." माझ्याकडे बघून ते हे सांगतात, मॅडमना पटणार नाही याचा अंदाज असल्यासारखे.

"आणि काल?"

"काल एकादशी. पाकिटावर तुम्हीच लिहिलंय, जेवणानंतर. जेवणच नाही तर नंतर कुठलं?"

लोसार्टनचा असर साधारण दिवसाचा. दोन दिवस गोळी नाही आणि त्यावर वाढलेला आकडा बघून नवी गोळी. बाकीच्या दिवशी अण्णा दोन्ही गोळ्या इमानेइतबारे घेतात, तेव्हा बीपी किती असतं ते कुणी मोजलेलंच नाही. मॅडम पेन घेऊन पाकिटावरचं "जेवणानंतर" खोडतात आणि मोठ्या अक्षरात लिहितात, "रोज सकाळी. उपवासालाही. तपासणीलाही." अण्णा मोठ्यानं वाचतात. "पाण्याबरोबर चालतंय ना? पाणी उपवासाला चालतं." आठ दिवस रोज गोळी घेऊन पुन्हा यायचं ठरतं.

सातारा हा २०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक. ठरावीक औषधं, ठरलेली पायरी, महिन्याच्या गोळ्या एकदम, प्रत्येकाचं कार्ड. ही व्यवस्था चालते, हे इथे बसलं की दिसतं. गोळ्या कपाटात आहेत, मशीन चालू आहे. पण कार्डावर कपाटातल्याच गोळ्या लिहायला जागा आहे. कराडची गोळी कुठे लिहायची?

तिसरे मास्तर. त्यांच्या नातवानं पुण्याहून सात कप्प्यांची डबी आणलीय, झाकणांवर वारांची इंग्रजी आद्याक्षरं. एस, एम, टी, डब्ल्यू, टी, एफ, एस. मास्तरांना इंग्रजी उत्तम येतं, अडचण तीच. "यातला मंगळवार कुठला आणि गुरुवार कुठला, हे डबी कुठून धरली त्यावर ठरतं," ते शांतपणे सांगतात. "दोन शनिवार झाले एकदा." मॅडम एक कप्पा उघडतात. आतली टेल्मिसार्टनची गोळी मऊ पडून फुगलीय. हवेतला ओलावा ही गोळी पटकन ओढून घेते, म्हणून ती घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढायची असते. पाटणच्या पावसात आठवडाभर उघडी ठेवली की काय होणार! मास्तर डबी बंद करून खिशात घालतात. नातवाला सांगणार नाहीत, असं दिसतंय.

मधल्या चार-सहा जणांचं भराभर होतं. एका मावशी वर्षापूर्वी गेलेल्या नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्या संपवतायत, वाया जाऊ नयेत म्हणून. एका बाबांनी गोळी सोडलीच आहे. काही त्रास नाही, मग कशाला, आणि सवय लागली तर? मॅडम वाद घालत नाहीत. फक्त मशीनचा आकडा त्यांच्याकडे वळवतात.

मग फोन. रेंज पडवीच्या एकाच खांबापाशी येते. आजींचा मुलगा वाशीच्या मार्केटात माथाडी आहे, मागे गोंगाट. त्याच्याकडे त्या मुंबईच्या गोळीच्या बिलाचा फोटो आहे, तो एकेक अक्षर वाचतो. तीसुद्धा अॅम्लोडिपिन, पाच. प्रश्नचिन्हाच्या जागी तिसरा पाच येतो. दिवसाला पंधरा मिलिग्रॅम, आणि मोठ्या माणसाला जास्तीत जास्त दहा देतात.

दुसरा फोन प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना. दुसऱ्याची गोळी मॅडम आपल्या अधिकारात बंद करू शकत नाहीत. त्या आकडे सांगतात, बसून आणि उभं राहून, दोन्ही. पलीकडून काय येतं ते त्या लिहून घेतात आणि मोठ्यानं परत वाचून खात्री करतात. कराडची एकच, सकाळी. इथली आणि मुंबईची बंद. लघवीची बंद. गुडघ्याची बंद, दुखलं तर पॅरासिटामॉल. पाणी नेहमीसारखं प्यायचं. क्रिएटिनिन आजच, बाकी चार दिवसांनी बघू.

मॅडम बंद झालेली पाकिटं एका बाजूला सारतात आणि कचऱ्याच्या डब्याकडे हात नेतात. आजींचा हात त्याआधी पोचतो.

"टाकू नगं. मुंबैची गोळी हाय, म्हाग पडलीया. जाऊबाईला देती. तिलाबी बीपी हाय."

"जाऊबाई कुठंयत?"

"ती काय," आजी पडवीकडे मान वळवतात, "रांगेत तिसरी."