सेवेचे २४० तास : महाविद्यालयीन विद्यार्थी आणि त्याचे गाव

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाला दौंड-बारामती रस्ता जेथे छेदतो, तेथे कुरकुंभ हे दौंड तालुक्यातील गाव वसले आहे. फिरंगाई मातेचे देवस्थान म्हणून हे गाव पंचक्रोशीत पूर्वापार परिचित आहे. गेल्या काही दशकांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीमुळे व तेथील रासायनिक कारखान्यांमुळे त्याचे नाव दूरवर गेले. दौंड तालुक्यातील भीमा आणि मुळा-मुठेच्या काठची गावे उसाने हिरवीगार दिसतात. कुरकुंभ, रोटी, जिरेगाव या बाजूचा प्रदेश मात्र पर्जन्यछायेतील कोरडा माळ आहे. त्यामुळे येथील एकाच कुटुंबात वडील कोरडवाहू शेती करतात, थोरला भाऊ कारखान्यात पाळीची नोकरी करतो आणि धाकटी बहीण महाविद्यालयात शिकते, असे चित्र सहज आढळते.

पदवीच्या शिक्षणासाठी येथील मुलेमुली दौंडला किंवा बारामतीला जातात. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले. तत्पूर्वी या पट्ट्यातील बहुतेक विद्यार्थ्यांना पुण्याचाच रस्ता धरावा लागे. आज महाविद्यालय जवळ आले आहे. परंतु महाविद्यालय आणि गाव यांतील अंतर त्या प्रमाणात कमी झाले आहे काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. सकाळी बसने गेलेला विद्यार्थी दुपारी परततो. मधल्या काळात तो जे शिकतो, त्याचा त्याच्या गावच्या विहिरीशी, शाळेशी, ग्रामपंचायतीच्या दप्तराशी काही संबंध जोडला जातो किंवा नाही, यावर त्याच्या शिक्षणाचा कस बराचसा अवलंबून असतो. हा संबंध जोडण्याचे शासनमान्य व देशव्यापी साधन म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना होय.

‘व्यक्तिमत्त्व विकास’ हा शब्द अलीकडे जाहिरातींतून फार स्वस्त झाला आहे. पंधरा दिवसांच्या वर्गात संभाषणकला आणि टाय बांधण्याची पद्धत शिकविली की तो साधतो, अशी समजूत रूढ होऊ पाहत आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या उद्दिष्टातही हाच शब्द आहे. परंतु तेथे विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास समाजसेवेद्वारे व्हावा, असे म्हटले आहे. ‘द्वारे’ हे शब्दयोगी अव्यय येथे महत्त्वाचे आहे. सेवा ही विकासाला जोडलेली शोभेची झालर नसून विकासाचा मार्गच ती आहे, असा या मांडणीचा अर्थ होतो.

सक्ती की स्वेच्छा?

या योजनेचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने स्वातंत्र्यानंतर लगेचच विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक राष्ट्रसेवेची कल्पना मांडली होती. पुढे १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री म्हणून काम केलेल्या या महाराष्ट्रीय विद्वानाच्या समितीने, माध्यमिक शिक्षण संपवून विद्यापीठात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी नऊ महिने ते एक वर्ष मुदतीची सेवा सक्तीची असावी, अशी शिफारस केली. खर्चाचा व संघटनेचा विचार करता ती अमलात येऊ शकली नाही. त्यानंतर प्रा. सैयिदैन यांनी इतर देशांतील युवकसेवेचा अभ्यास करून स्वेच्छेचा पुरस्कार केला. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगानेही समाजसेवेला शिक्षणाचे अंग मानले. अखेर महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन या योजनेचा प्रारंभ केला. चौथ्या पंचवार्षिक योजनेत तिच्यासाठी पाच कोटी रुपयांची तरतूद होती. त्या वेळी नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष पुण्याचे धनंजयराव गाडगीळ होते, हे येथे नमूद करावयास हरकत नाही.

स्वेच्छेचा मार्ग स्वीकारला गेला, हे आमच्या मते योग्यच झाले. सक्तीने खड्डा खणून घेता येतो. परंतु तो कोठे खणावा हे गावकऱ्यांना विचारून ठरविण्याची आस्था सक्तीतून निर्माण होत नाही.

महाराष्ट्रात योजनेची पहिली मोठी कसोटी लवकरच आली. १९७२-७३ च्या दुष्काळाने राज्याचा पर्जन्यछायेतील पट्टा होरपळून निघाला आणि पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग त्यात होता. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे ज्यांच्या घरची होती, त्याच घरांतील मुले महाविद्यालयांत शिकत होती. १९७३ साली देशभरातील विशेष शिबिरांसाठी ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हाच विषय निवडण्यात आला. पुढे अस्वच्छता व रोगराई, वृक्षारोपण, ग्रामीण पुनर्रचना असे विषय येत गेले.

अर्थात महाराष्ट्राला ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा व शिका’ हे सूत्र आधीच रुजले होते आणि साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहून स्वतःची कामे स्वतः करीत होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आजही कर्मवीरांच्या नावाने कमवा व शिका योजना चालते. या दोन योजनांतील भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. एकीत विद्यार्थी श्रमाचा मोबदला घेऊन आपले शिक्षण पुरे करतो, तर दुसरीत तो आपला वेळ विनामोबदला देतो. ज्याच्या घरी वेळेलाही किंमत आहे, त्या विद्यार्थ्याला दुसरी योजना महाग पडते, ही गोष्ट आपण फारशी बोलून दाखवीत नाही.

तास कसे भरतात

योजनेची रचना थोडक्यात अशी आहे. साधारणतः शंभर स्वयंसेवकांचे एक पथक असते व एक प्राध्यापक त्याचा कार्यक्रम अधिकारी असतो. प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे असते. पथकाने एक गाव दत्तक घ्यावे व त्या गावी सात दिवसांचे निवासी विशेष शिबीर भरवावे, अशी अपेक्षा असते. दोन वर्षांचे तास व एक शिबीर पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते.

लोकांच्या डोळ्यांत भरते ते शिबीर. प्रभातफेरी, श्रमदान, दुपारचे बौद्धिक, सायंकाळची गावभेट आणि रात्रीचा सांस्कृतिक कार्यक्रम असा त्याचा ठरलेला क्रम असतो. (उद्घाटन व समारोप यांच्या भाषणांत खर्ची पडणारे तास श्रमदानात धरले जात नाहीत, हे विद्यार्थ्यांचे भाग्यच म्हणावयाचे.) नेतृत्वाचे खरे शिक्षण या क्रमाच्या फटींतून होते. पन्नास जणांना सात दिवस किती ज्वारी, किती डाळ, किती तेल लागेल याचा अंदाज ज्याला करावा लागतो आणि पाचव्या दिवशी तेल संपल्यावर ज्याला सर्वांसमोर उत्तर द्यावे लागते, तो विद्यार्थी नियोजन म्हणजे काय ते शिकतो. कोण झाडलोट करणार व कोण भाकरी भाजणार, या वाटणीत मुलगे व मुली यांची कामे आपोआप वेगळी होऊ लागतात. ती तशी होऊ न देणे हे गटप्रमुखाचे पहिले अवघड काम असते.

श्रमदानाच्या निवडीत मात्र पुष्कळ वेळा चूक होते. रिकाम्या सिमेंटच्या पिशव्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा उपयोगी पडतो तो पावसाळा संपताना, ओढा वाहत असताना. कुरकुंभच्या बाजूचे ओढे फार काळ वाहत नाहीत. डिसेंबर-जानेवारीच्या हिवाळी शिबिरात कोरड्या पात्रावर घातलेला बंधारा छायाचित्रात शोभतो. पाणी मात्र अडवीत नाही. त्याच दिवसांत लावलेले रोप पुढील पाच महिने कोण जगविणार, हाही प्रश्न उरतोच. त्यापेक्षा माळाच्या उतारावर सलग समपातळी चर खणणे या हंगामात अधिक फलदायी आहे, कारण ते पहिल्या पावसापूर्वी तयार असले म्हणजे पुरे. समपातळी रेषा आखण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते. दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखीच राहते, हा शाळेत पाठ केलेला नियम विद्यार्थी येथे प्रथमच वापरतो.

अभ्यासाची सांगड अशी घालता येते आणि ती घातली नाही तर सेवा केवळ मजुरी होते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने गावातील विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्याचा जडपणा व क्षार मोजावेत, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक वाचून ते सोप्या मराठीत फलकावर मांडावे आणि भूगोलाच्या विद्यार्थ्याने शिवाराचा नकाशा करावा. सर्वेक्षण तर सर्वांचेच. ‘घरी शौचालय आहे काय?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर आणि ‘आज सकाळी घरातील कोण कोण तेथे गेले?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर एक नसते. हा फरक ज्याच्या ध्यानात आला, त्याला संख्याशास्त्रातील एक मोठा धडा मिळाला. तो धडा त्याला कोणाच्या तरी ओसरीवर बसून, चहाला नाही न म्हणता, संकोच आवरीत मिळविता आला, हे विशेष.

दौंड तालुक्याला या कामाची आणखी एक शाळा दरवर्षी आपोआप मिळते. संत तुकाराम महाराजांची पालखी यवत, वरवंड, पाटस असा प्रवास करीत रोटीच्या घाटातून बारामतीकडे जाते. वारीमार्ग स्वच्छ ठेवण्यासाठी विद्यापीठाचे सेवा योजनेचे स्वयंसेवक निर्मल वारी उपक्रमात काम करतात. पत्रावळी गोळा करणे हा त्यातील सोपा भाग. सत्तरीच्या वारकरी आजोबांना तात्पुरत्या शौचालयाकडे वळविणे, तेही त्यांचा मान राखून, हा अवघड. ‘माऊली’ म्हणून हाक मारल्याखेरीज आणि आधी स्वतः झाडू हाती घेतल्याखेरीज ते जमत नाही, हे स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी उमगते.

कुरकुंभसाठी एक काम

कुरकुंभपुरते बोलावयाचे तर, रासायनिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्या गावाची एक वेगळी गरज आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर केंद्र शासनाने घातक रसायनांविषयी १९८९ साली व रासायनिक अपघातांविषयी १९९६ साली नियम केले. कारखान्याबाहेरील लोकांना संभाव्य धोक्याची व त्या वेळी काय करावे याची माहिती मिळावी, तसेच जिल्हा व स्थानिक पातळीवर संकट निवारण गट असावेत, अशी त्यांत तरतूद आहे. परंतु कागदावरील आराखडा घराघरांत पोहोचविण्यासाठी पायी फिरणारी माणसे लागतात. कोणत्या वस्तीत अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत, कोणत्या झोपड्यांतील परप्रांतीय कामगारांना मराठी सूचना कळणार नाही, शाळेतील मुलांना कोणत्या रस्त्याने न्यावयाचे, वायुगळती झाल्यास वाऱ्याच्या प्रवाहाला आडवे निघून जावयाचे हे कोणाला ठाऊक आहे, या माहितीची यादी पन्नास विद्यार्थी एका आठवड्यात करू शकतील. ती दरवर्षी नव्याने तपासावी लागेल, कारण भाडेकरू बदलतात. म्हणूनच हे काम एका शिबिराचे नसून दत्तक गावाच्या वर्षभराच्या तासांचे आहे. त्यासाठी तहसील कार्यालय, कारखान्यांचे सुरक्षा अधिकारी व ग्रामपंचायत या तिघांशी पत्रव्यवहार करण्याचे काम विद्यार्थ्यांकडेच सोपवावे. सरकारी पत्राला उत्तर कसे मिळवावे, हेही एक शिक्षण आहे.

श्रेयांकांचा नवा प्रश्न

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमांत सहशालेय उपक्रमांना व समाजाशी निगडित प्रकल्पांना श्रेयांक देण्याची व्यवस्था आली असून राष्ट्रीय सेवा योजनेलाही तीत स्थान मिळाले आहे. याचे स्वागत करावे की काळजी वाटावी? दोन्ही. श्रेयांकांमुळे, कारखान्यात पाळी करून शिकणाऱ्या किंवा सकाळी गुरांचा चारा आणून मग महाविद्यालय गाठणाऱ्या विद्यार्थ्याला सेवेसाठी वेळ काढणे परवडेल. मुलीला निवासी शिबिराला पाठविण्यास कचरणाऱ्या पालकांनाही ‘हा अभ्यासाचाच भाग आहे’ असे सांगता येईल. मात्र शिक्षिका मुक्कामी असतील व राहण्याची सोय कोठे आहे, हे कार्यक्रम अधिकाऱ्याने त्यांना घरी जाऊन सांगितले पाहिजे. काळजी अशी की, गुण मिळू लागले की तास भरण्याकडे लक्ष जाते. गुण हजेरीवर दिले गेले तर हजेरीच मिळेल. स्वयंसेवकाच्या कार्यदैनंदिनीत त्याने कोणाला काय विचारले, काय चुकले आणि दुसऱ्या दिवशी काय बदलले, याची नोंद तपासून ते दिले गेले तर काही वेगळे हाती लागेल. त्यासाठी प्राध्यापकाला दैनंदिनी वाचावी लागेल. शंभर स्वयंसेवकांमागे एक कार्यक्रम अधिकारी या प्रमाणात ते कष्टाचे आहे, हे मान्य करावयास हवे.

सरपंच व पंचायत सदस्य यांचा वाटाही लहान नाही. महाविद्यालयाचे पत्र आले की शाळेच्या दोन खोल्या, पाण्याचा टँकर व समारोपाला हार-तुरे अशी तयारी गावे आनंदाने करतात. त्याबरोबर पत्राच्या उत्तरात तीन गोष्टी लिहून कळवाव्यात. गावाला कोणते काम हवे आहे ते. शिबीर संपल्यावर त्या कामाकडे पाहणारी गावातील व्यक्ती कोण ती. आणि विद्यार्थ्यांनी सर्वेक्षणाचा अहवाल कोणत्या ग्रामसभेत वाचावयाचा ती तारीख. हिवाळी शिबीर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात झाले तर २६ जानेवारीची ग्रामसभा सोयीची पडते. मधल्या दिवसांत विद्यार्थ्यांना आकडे पुन्हा तपासता येतात आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात त्यांतील काय घ्यावयाचे, हे ठरविण्यास सदस्यांनाही अवधी मिळतो.